पाऊस काय तार बघून पडतो?

ऑस्ट्रेलियाच्या सरकारी व्याख्येत जंगल म्हणजे निदान ०.२ हेक्टर जागा, दोन मीटरपर्यंत किंवा त्याहून उंच जाणारी झाडं आणि वरून पाहिलं तर जमिनीचा निदान २० टक्के भाग झाकणारा त्यांचा पसारा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या ओढ्यावर जाऊन आलो. चाळीसेक बाभळी, दोन-तीन हिवर, एक कडुनिंब, खाली रवंथ करत बसलेली शेरडं. जागा अर्ध्या एकराला थोडी जास्तच भरेल. म्हणजे आमचा ओढाकाठ जंगल झाला. गावात सांगितलं तर लोक म्हणतील, पुण्यात राहून याचं डोकं फिरलं.

पण या व्याख्येच्या पायावर गेल्या दहा-बारा वर्षांत मोठा बाजार उभा राहिला आहे. २०१३ साली ऑस्ट्रेलियाने कार्बन क्रेडिट देण्याची एक पद्धत मंजूर केली. तिचं नाव लांबलचक आहे: 'कायमस्वरूपी, समवयस्क देशी जंगलाचं मानवप्रेरित पुनरुज्जीवन'. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला एचआयआर म्हणतात. मागची कल्पना आपल्याला अगदी ओळखीची आहे. कुरणावर जंगल येऊ शकतं, पण गुरं, मेंढ्या आणि मोकाट सुटलेल्या रानटी बकऱ्या कोंब वर येऊ देत नाहीत. मालकाने चराई आवरली, बकऱ्या हटवल्या, तोड थांबवली, की मातीत दबा धरून बसलेलं झाड वर येतं. ते वाढताना हवेतला कार्बन खोडात साठवतं. एक टन कार्बन डायऑक्साइड साठला की एक क्रेडिट, म्हणजे विकता येणारा एक दाखला. रोप लावायचं नाही, पाणी घालायचं नाही, आडवं येणारं तेवढं बाजूला करायचं.

क्रेडिटचं गिऱ्हाईक सुरुवातीला खुद्द सरकार होतं. २०१४ मध्ये तिथला कार्बन कर रद्द झाला आणि त्याच्या जागी सरकारने २५५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा निधी काढून लिलावातून क्रेडिट विकत घ्यायला सुरुवात केली. एप्रिल २०१५ च्या पहिल्या लिलावात सरासरी भाव टनाला १३.९५ डॉलर होता. जानेवारी २०२२ मध्ये खुल्या बाजारात तो पन्नासच्या पुढे गेला. एचआयआरखाली नोंदलेल्या मालमत्तांचं एकूण क्षेत्र चार कोटी हेक्टरच्या वर गेलं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे तीन कोटी आठ लाख हेक्टर आहे, यावरून अंदाज यावा. अर्थात क्रेडिट सगळ्या क्षेत्रावर मिळत नाही. मालमत्तेच्या आत नकाशावर तुकडे आखले जातात आणि त्यांचाच हिशेब होतो.

हा मुलूख म्हणजे न्यू साउथ वेल्सचा पश्चिम भाग आणि क्वीन्सलँडचा नैऋत्य भाग. कोबार, बर्क, चार्लव्हिल, क्विल्पी अशी गावं. पाऊस वर्षाला साधारण साडेतीनशे ते पाचशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-आटपाडीच्या नात्यातला किंवा त्याहून कमी. माती तांबडी. तिथलं मुख्य झाड आहे मल्गा. उच्चार ऐकताना आपल्या कानाला 'मुलगा' ऐकू येतं, आणि तिथल्या मेंढपाळाशी त्याचं नातंही काहीसं तसंच आहे. मल्गा बाभळीच्या गोतातली. तिची पानासारखी दिसणारी राखाडी-हिरवी पाती वर उभी असतात. पाऊस पडला की पाणी पात्यांवरून फांदीला, फांदीवरून खोडाला आणि खोडावरून थेट मुळाशी उतरतं. दोन इंच पावसाचा एकही थेंब वाया जाऊ नये अशी तिची ठेवण. दुष्काळात गवत संपलं की तिथले पशुपालक बुलडोझरने किंवा करवतीने मल्गा आडवी करतात आणि मेंढ्या तिचा पाला खाऊन तगतात. काठीला कोयता बांधून बाभळीच्या डहाळ्या उतरवणारे आपले मेंढके हे दृश्य पाहून चकित होणार नाहीत. बुलडोझरकडे तेवढं जरा बघत राहतील.

आता मुद्द्याचं. एचआयआरवरच्या वादात नेहमी विचारलं जातं की झाडं वाढली का. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. पैसे झाड वाढल्याबद्दल मिळत नाहीत, ते माणसाने काही केल्यामुळे झाड वाढलं याबद्दल मिळतात. 'मानवप्रेरित' हा शब्द नावात उगाच घातलेला नाही, सगळा व्यवहार त्यावर तोललेला आहे. कोरड्या मुलखात हा शब्द सिद्ध करणं फार कठीण आहे, आणि माझ्या मते म्हणूनच अशा जमिनीवरचं पुनरुज्जीवन टनात मोजून विकू नये. ते करूच नये असं मी म्हणत नाही. विकू नये म्हणतोय.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला डोंगराचा एक उतार आहे. साधारण दहा वर्षांपूर्वी त्यातला निम्मा भाग तारेने बंद केला, आडवे चर खोदले आणि रस्त्याच्या तोंडाला वनीकरणाचा निळा फलक लागला. २०१८ चा पावसाळा कोरडा गेला. पुढच्या उन्हाळ्यात म्हसवडला चारा छावणी लागली. तेव्हा तारेच्या आतही खडक आणि बाहेरही खडक. मग २०१९ च्या परतीच्या पावसाने झोडपलं, पुढची दोन-तीन वर्षंही बरी गेली. मी २०२२ च्या दिवाळीत गेलो तर उतार ओळखू येईना. फलकापाशी कुणी पाहुणे फोटो काढत होते. मीही भारावलो होतो. तारेला टेकून बसलेले एक म्हातारे मेंढके होते, सगळे त्यांना तात्या म्हणतात. मी म्हटलं, "तात्या, तार लावली म्हणून एवढी झाडी आली, न्हाई का?" त्यांनी माझ्याकडे न बघता हातातली काठी तारेच्या अलीकडे फिरवली. तिकडेही तेवढ्याच उंचीच्या बाभळी, तेवढाच तरवड. "आरं, पाऊस काय तार बघून पडतुय व्हय?"

नंतर मी तारेच्या दोन्ही बाजूंनी चालत गेलो. फरक अजिबात नव्हता असं नाही. आत पवन्या आणि मारवेल गुडघ्याला लागत होतं, बाहेर कुसळी आणि मोकळी जमीन. चराईबंदीने गवत दिलं होतं, चरांनी माती धरली होती. झाडं मात्र दोन्हीकडे सारखी होती. फलकावर आकडा झाडांचा होता. गवताचा उल्लेख नव्हता.

हे एका उताराचं निरीक्षण, शास्त्र नव्हे. पण ऑस्ट्रेलियातला वाद नेमका याच तारेवर येऊन थांबला आहे. मार्च २०२२ मध्ये अँड्र्यू मॅकिंटॉश यांनी जाहीरपणे सांगितलं की ही व्यवस्था पोकळ आहे. ते ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पर्यावरण कायद्याचे प्राध्यापक, आणि त्याआधी याच व्यवस्थेतल्या पद्धती तपासणाऱ्या सरकारी समितीचे अध्यक्ष. घरातलाच माणूस बोलल्यामुळे गदारोळ झाला. नव्या सरकारने माजी मुख्य वैज्ञानिक इयन चब यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जानेवारी २०२३ मध्ये तिचा अहवाल बाहेर आला. व्यवस्थेची मूळ बांधणी ठीक आहे असं त्यात म्हटलं होतं, आणि सोबत सोळा शिफारशी होत्या. क्रेडिट देणारी आणि सरकारसाठी क्रेडिट विकत घेणारी संस्था एकच नसावी, ही त्यातली एक. बांधणी ठीक असलेल्या घरात ही गोष्ट इतकी वर्षं कुणाला खटकली नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

अहवालानंतर आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या दृष्टीने तीच निर्णायक ठरली. नकाशे उघडे झाले. क्रेडिट नक्की कुठल्या तुकड्यांवर मिळतं याच्या सीमा तोवर गोपनीय होत्या. २०२३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या आणि बाहेरच्या अभ्यासकांना प्रथमच तारेच्या आतलं आणि बाहेरचं शेजारी शेजारी ठेवून पाहता आलं. मॅकिंटॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८२ प्रकल्प तपासले. मार्च २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. जवळपास ८० टक्के प्रकल्पांत झाडांचं आच्छादन एक तर नाममात्र वाढलं होतं किंवा चक्क घटलं होतं. त्याहून बोलका दुसरा निष्कर्ष होता. तुकड्यांच्या आत जे चढउतार झाले, बहुतांशी तेच लगतच्या, प्रकल्पाबाहेरच्या जमिनीवरही झाले होते. ओल्या वर्षांत दोन्हीकडे वाढ, कोरड्या वर्षांत दोन्हीकडे घट. तात्यांनी काठीने जे दाखवलं ते यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं.

हे असं का झालं हे समजायला झाडांकडून नव्हे, पाण्याकडून सुरुवात करावी लागते. चारशे मिलिमीटरच्या मुलखात एका हेक्टरवर किती झाडं तगतील हे मुख्यतः ओल ठरवते. ज्या जमिनी कधी नांगराखाली किंवा बुलडोझरखाली पूर्ण साफ झाल्याच नव्हत्या, तिथे त्या ओलीला परवडतील तेवढी झाडं बहुधा आधीपासून उभी होती. कुठे विरळ, कुठे दाट. काही तुकड्यांत आच्छादन १० टक्के असेल, काहींत १५. कायद्याच्या भाषेत ते 'जंगल नाही', कारण २० टक्के भरत नाही. आता गणिती प्रारूपाला सांगायचं की इथे जंगल नव्हतं, चराई थांबवली, आता समवयस्क जंगल उगवू लागलंय. प्रारूप बिचारं सांगितलं तसं करतं. कोऱ्या जमिनीवर कोवळं जंगल कसं वाढेल त्याचा आलेख काढतं आणि दर वर्षी त्या आलेखाप्रमाणे टन मोजतं. झाडाला टेप लावून नव्हे, बहुतांशी प्रारूपातून. आधीपासून उभ्या असलेल्या, शंभर वर्षांच्या मल्गेला कुणी विचारत नाही.

याला जोडून एक विसंगती आहे आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. कोबारच्या आसपासचे पशुपालक शंभर वर्षांपासून उलटी तक्रार करत आले आहेत. त्यांचं म्हणणं, चराईने झाडोरा कमी होत नाही, वाढतो. मेंढ्या गवत खातात, गवत गेलं की वणवा पेटत नाही, झुडपांना स्पर्धा उरत नाही आणि कुरण काटेरी-झुडपी होऊन जातं. न्यू साउथ वेल्सच्या कायद्यात अशा झाडोऱ्याला 'आक्रमक देशी झुडूप' असं नाव आहे आणि तो तोडायला परवानगीही मिळते. म्हणजे एकाच मुलखात एक सरकारी कागद म्हणतो की चराईमुळे देशी झाडोरा फार माजला, तोडा. दुसरा म्हणतो की चराईमुळे देशी झाडोरा दबला, पैसे घ्या आणि वाढू द्या. त्याच भागात तोडीचा परवाना हातात असून झाडं न तोडल्याबद्दलही वेगळ्या पद्धतीने क्रेडिट दिली गेली. दोन्ही कागद पूर्ण खोटे नसतील, जागेजागेला फरक असतो. पण चराई आणि झाड यांचं नातं जिथे इतकं गुंतागुंतीचं आहे, तिथे 'चराई कमी केली, म्हणून इतके टन' हे समीकरण सरसकट चालणार कसं?

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी नीट वाचलं आहे आणि त्यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. नियामक संस्था म्हणते की उपग्रहाला विरळ आणि कोवळी झाडं धड दिसत नाहीत, जंगल पूर्ण व्हायला पंधरा-पंधरा वर्षं लागतात, दर पाच वर्षांनी पडताळणी होते आणि जो प्रकल्प पुढे सरकत नाही त्याला क्रेडिट थांबतात. हे बरोबर आहे. पण उपग्रहाला कोवळी झाडं दिसत नसतील तर ती तारेबाहेरचीही दिसत नसणार. तुलना तरीही उरतेच. आणि झाडं खरोखर यायची असतील तर क्रेडिट आल्यावर द्यायची. येतील या भरवशावर नव्हे.

पशुपालकांचं म्हणणं मला यापेक्षा जड वाटतं. २०१७ ते २०१९ चा दुष्काळ त्या भागाला भयंकर गेला. कर्ज डोक्यावर, जनावरं विकायची वेळ, पोरं शहरात. अशा वेळी कार्बनचे पैसे आले आणि काही घरं वाचली. कुणी त्यातून कुंपण घातलं, रानटी बकऱ्या आणि कुत्री आवरली, जनावरांची संख्या जमिनीला झेपेल इतकी खाली आणली, जमिनीवर पुन्हा गवत धरलं. हे चांगलं काम आहे. त्याचे पैसे मिळायला हवेत यात मला तरी वाद दिसत नाही. दुसऱ्या बाजूने काही मालमत्ता बाहेरच्यांनी घेतल्या, घराला कुलूप लागलं, शेजाऱ्याकडे तण आणि रानडुकरं वाढली, लोकर कातरणारा आणि कुंपण घालणारा गाव सोडून गेला अशाही तक्रारी तिथे ऐकू येतात. पंचवीस नाहीतर शंभर वर्षं झाडोरा राखायचं बंधन जमिनीवर बसतं. करार करणारा बाप असतो, निभावणारा नातू.

तरीही, पैसे कशाबद्दल हा प्रश्न उरतोच. कुंपणाबद्दल दिले तर ते मजुरीचे आणि सामानाचे पैसे. जनावरं कमी केल्याबद्दल दिले तर ती नुकसानभरपाई. यात फसवणूक होऊ शकते, पण ती कुंपणाच्या लांबीइतकीच, कारण कुंपण जाऊन मोजता येतं. कार्बन क्रेडिटचं तसं नाही, कारण ते पुढे विकलं जातं. जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात वर्षाला एक लाख टनांहून जास्त उत्सर्जन करणाऱ्या, दोनशेहून अधिक मोठ्या उद्योगांवर बंधन आलं की त्यांनी मर्यादेत दरवर्षी ४.९ टक्के कपात करायची. कोळशाच्या खाणी, वायू प्रकल्प, कारखाने सगळे त्यात आले. कपात जमली नाही तर क्रेडिट विकत घेऊन हिशेब जुळवता येतो, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. क्रेडिट पोकळ असेल तर नुसतं सरकारचं नुकसान होऊन थांबत नाही. त्याच्या जोरावर कुठेतरी एक टन खरा धूर आकाशात जातो. पोकळ क्रेडिट हे शून्य नसतं, ते वजा एक असतं.

हे दूरच्या देशातलं भांडण आहे असं वाटत असेल तर एक धागा सांगतो. भारत पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा सर्वांत जास्त ऑस्ट्रेलियातून आणतो, आणि तो मुख्यतः क्वीन्सलँडच्या खाणींतला असतो. त्या खाणीतून निसटणारा मिथेन कागदावर मल्गेने पुसला, मग तो कोळसा आपल्या बंदरात उतरला आणि आपल्या भट्टीत जळला. तेच क्वीन्सलँड, तीच बाभळीची चुलत बहीण, आणि हवा तर काय सगळ्यांचीच.

आपल्याकडे चराईबंदी नवी नाही. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी दोन्ही होत्या. हिवरे बाजारनेही तोच रस्ता धरला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या उघड्याबोडक्या डोंगरांवर गुरं आणि कुऱ्हाड हेच संकट होतं, आणि ते हटल्यावर गवत आलं, झाडं आली, विहिरींचं पाणी वर चढलं. म्हणजे एचआयआरची मूळ कल्पना खोटी नाही. जागा योग्य असेल तर ती खरी ठरते, आणि हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तिथे काय घडलं ते नीट आठवायला हवं. गुरं कुणाची थांबणार आणि गवत कापून न्यायचा हक्क कुणाला, हे ग्रामसभेत ठरलं. ज्याच्याकडे जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत त्याचं काय, यावर भांडणं झाली असणार. फळ गवताच्या भाऱ्यात आणि विहिरीच्या हातांत मोजलं गेलं. जे मोजलं ते गावातच राहिलं. ते दाखवून दुसऱ्या कुणाला जास्त धूर सोडायचा परवाना मिळाला नाही. चराईबंदीचा करार आणि चराईबंदीची विक्री यात माझ्या मते एवढंच अंतर आहे, आणि ते फार मोठं आहे.

आता आपल्याकडेही विक्रीचे दिवस येताहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिट नियम काढले, म्हणजे झाडं लावण्यासारख्या कामाबद्दल क्रेडिट. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत निकृष्ट वनजमिनीवर हेक्टरी निदान ११०० झाडं अशी घनता होती आणि त्या जमिनींच्या यादीत झुडपी रान आणि पडीक जमीनही होती. टीका झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये पद्धत बदलली. आता पाच वर्षं काम करून दाखवायचं आणि झाडांचं छत्र, म्हणजे वरून दिसणारा पसारा, निदान ४० टक्के झालेलं हवं. पाच वर्षं थांबायला लावलं हे चांगलंच. पण ४० टक्के छत्र? ऑस्ट्रेलियाची सगळी रडकथा २० टक्क्यांवरून झाली. सोलापूर, इंदापूर, बारामती, माण, कर्जतच्या माळांवर ४० टक्के छत्र आलं तर ते माळ नव्हेतच. एक तर ती झाडं उन्हाळ्यात मरतील, नाहीतर ती असतील गिरिपुष्पासारखी आपल्याकडची गुरं सहसा तोंड न लावणारी, आणि माळढोक, चिंकारा, लांडगा यांनी दुसरीकडे जायचं. दुसरीकडे कुठे, ते माहीत नाही. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं. आज तिथे पर्यटक माळढोक दिसेल या आशेनेच जातात, दिसेल या खात्रीने नव्हे.

माळ म्हणजे बिघडलेलं जंगल नव्हे, हे आपल्या भाषेला माहीत होतं. रान वेगळं, माळ वेगळा, गायरान वेगळं, पड वेगळी. इंग्रजी महसुलाने या सगळ्यांना एकच शिक्का मारला, 'वेस्टलँड', आणि आपण त्याचं भाषांतर केलं 'पडीक'. ज्या जमिनीचा सारा येत नव्हता ती पडीक. आता ज्या जमिनीवर झाडं दिसत नाहीत ती पडीक. मधल्या काळात तिच्यावर कोण चरत होतं हे दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

पर्याय काय, असं विचारतील आणि विचारावंच. चराई आवरणाऱ्याला, कुंपण घालणाऱ्याला, चर खोदणाऱ्याला, वेडी बाभूळ उपटणाऱ्याला हेक्टरी किंवा दिवसाच्या हिशेबाने पैसे द्या. पैसे सरकारचे असोत की धूर सोडणाऱ्या कंपनीवरच्या कराचे. मोजमाप गवताचं, उघड्या जमिनीचं आणि ओढ्यातल्या पाण्याचं करा. करार दहा वर्षांचा असू द्या, नातवाच्या गळ्यात नको. झाडं आली तर आनंदच आहे, पण त्यांचे टन विकू नका. आणि बाजार टाळता येत नाही असं ठरलंच असेल तर निदान तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात: नकाशा उघडा, तुलना तारेबाहेरच्या जमिनीशी, आणि क्रेडिट फक्त दोन्हींतल्या फरकावर. ही अट घातली तर कोरड्या मुलखातले बरेच प्रकल्प उभेच राहणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२३ अखेर एचआयआरची नवी नोंदणी बंद केली. पण नोंदलेल्या प्रकल्पांना पंचवीस वर्षं क्रेडिट मिळत राहू शकतात. दार लावलं, पण आत गेलेले आतच आहेत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात एक कंपनीवाले आले होते. टॅबलेटवर रंगीत नकाशा, हातात इंग्रजी करार, मुदत चाळीस वर्षं. गायरानावर देशी झाडं लावू, गावाला वाटा देऊ. सरपंचांनी चहा मागवला. वाटा किती हे विचारून झालं, झाडं कोणती हे विचारून झालं. तात्या मागच्या बाकावर होते. त्यांनी विचारलं, "आन् पाऊस न्हाई पडला तर?" साहेबांनी नम्रपणे सांगितलं की त्यासाठी करारात कलम आहे. "मग पडला तर पैसं कुणाचं?" याला कलम नव्हतं. साहेब हसले, इतरही हसले. मग तात्यांनी वाकून टॅबलेटमध्ये आमचं गायरान शोधलं. ओढा, देवाचा माळ, दरवर्षी दिवाळीनंतर त्यांच्या मेंढरांचा वाडा जिथे बसतो ती टेकडी, सगळं होतं. सगळ्यावर फिकट पिवळा रंग होता. त्यांनी मला विचारलं, ह्यो रंग कशाचा. मी खालची सूची वाचली आणि सांगितलं.

"रिकामी हाय म्हणत्यात व्हय," ते म्हणाले, आणि मेंढरं एकटी आहेत म्हणून उठून गेले.